मुलांच्या चालीने

शास्त्रपाठ : उत्पत्ति 33:12-17



वीस वर्षांनी भेटलेले दोन भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, तेथवर ही कथा आपल्याला पाठ असते. पुढची वचने आपण घाईने वाचतो. एसाव म्हणतो, चल, बरोबरच जाऊ. त्याच्याजवळ चारशे माणसे आहेत, सारी धडधाकट. याकोब नम्रपणे नाही म्हणतो. मुले कोवळी आहेत, गुरेमेंढरे पाजती आहेत, एक दिवस जरी दामटली तरी कळप हातचा जाईल. आपण पुढे व्हावे, मी ह्यांच्या चालीने येतो. मागाहून सेईरला येतो असेही तो सांगतो, आणि जातो मात्र सुक्कोथला! म्हणजे गृहस्थ अजून पुरता सरळ झालेला नव्हता. परंतु चालीविषयी तो बोलला ते खरे बोलला. त्याच दिवशी सूर्योदयाला तो पनीएलहून लंगडत निघाला होता. लंगडणाऱ्याला चाल कळते.

हा उतारा मला 4,300 मीटर उंचीवर समजला, आणि तो माझ्याच चुकीने.

2023 च्या सप्टेंबरात आमच्या इंदूरच्या मंडळीतील सात तरुणांबरोबर मी केदारतालला निघालो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटरवर. मुलांनी दोन महिने दर शनिवारी जानापावचा डोंगर चढून तयारी केली होती. जानापाव म्हणजे चंबळेचा उगम, उंची साडेआठशे मीटर. माळव्याच्या पठारावर ह्याहून मोठा डोंगर आणायचा कोठून? पाय तयार झाले. पण तेवढ्या उंचीवर प्रश्न पायांचा नसतोच.

केदारताल गढवालात, गंगोत्रीच्या वर, सुमारे 4,750 मीटरवर आहे. त्याच्या डोक्यावर 6,904 मीटरचा थलयसागर उभा असतो. तळ्यातून निघालेली केदारगंगा गंगोत्रीलाच भागीरथीला मिळते. वाट जेमतेम सतरा-अठरा किलोमीटरांची, आणि तेवढ्यात सोळाशे मीटरांहून अधिक चढ. तेथे हवेतील प्राणवायूचे प्रमाण आपल्याइतकेच असते, पण हवेचा दाब उतरलेला असतो. म्हणून एका श्वासात समुद्रकाठच्या मानाने निम्म्याहून थोडाच अधिक प्राणवायू मिळतो. शरीर जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. तीन हजार मीटरांच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरांहून जास्त वाढवू नये, असा नियम आहे. ह्या वाटेवर गंगोत्री 3,100, भोजखरक 3,800, केदारखरक 4,300. पहिलीच उडी सातशेची! म्हणून गंगोत्रीला दोन दिवस थांबायचे ठरले होते. त्यातला एक मी कापला. रविवारच्या उपासनेला मला इंदुरात परतायचे होते. कारण कसे पवित्र होते, पाहा.

भोजखरकला, भूर्जाच्या झाडांखाली, आमच्यातला सर्वांत धाकटा मुलगा जेवला नाही. पित्त झाले म्हणाला. रात्री तंबूबाहेर त्याला ओकारी झाली, ती मी ऐकली. आज ह्या पानावर कबूल करतो, बंधुभगिनींनो, मी जागा होतो आणि पडून राहिलो. माझे वय तेव्हा अठ्ठावन्न. पुन्हा येणे होईलसे वाटत नव्हते, आणि तळे अवघे दीड दिवस दूर होते. सकाळी त्याला विचारले, "बरा आहेस ना रे?" तो म्हणाला, "हो काका, एकदम बरा." मला हवे होते तेच उत्तर त्याने दिले. माझ्या विचारण्यातच ते होते.

केदारखरकला दुपारी पोहोचलो. आमच्या गढवाली वाटाड्याने त्या मुलाला दोरी आखून दिली आणि टाचेला अंगठा लावत सरळ चालायला सांगितले. चौथ्या पावलाला तो दारू प्यायल्यासारखा झोकांडला. हे मेंदूला सूज येऊ लागल्याचे चिन्ह. ह्यावर गोळ्या आहेत, पण खरे औषध एकच, तत्काळ खाली उतरणे. मी म्हणालो, एका हमालाबरोबर त्याला पाठवू या. वाटेत दगड कोसळणारा एक टप्पा आहे, आणि दुपारनंतर तो अधिकच वाईट. वाटाड्या माझ्याकडे पाहत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "लड़का किसका है, साहब?"

त्याला वाटले असेल, मी बाप आहे की काय. मला मात्र ते शब्द वेगळ्याच ठिकाणाहून आल्यासारखे वाटले.

आम्ही तिघे उतरलो. भोजखरकला अंधार पडता पडता पोहोचलो, तेव्हा मुलाचे पाऊल पुष्कळ सावरले होते. त्याने वाटीभर खिचडी मागून घेतली. मग रडू लागला. म्हणाला, "माझ्यामुळे तुमचे तळे राहिले, काका." डोके पहिल्याच दिवशी दुखू लागले होते. सांगितले नाही, कारण सगळे थांबतील आणि आपले नाव होईल, ही लाज.

प्रियजनहो, आपल्या मंडळ्यांत असे किती जण "एकदम बरा" म्हणत चालले आहेत? आमच्याकडे इमारत-निधीची वचने उपासनेनंतर नावानिशी वाचून दाखवीत असत. रक्कम वाढत होती, आम्ही खूष होतो. धुणीभांडी करणाऱ्या एका विधवा बहिणीने पाच हजार लिहिले आणि पुढच्या महिन्यापासून ती येईनाशी झाली. आजारी असेल म्हणून आम्ही प्रार्थना केली. घरी गेलो नाही. गढवालाहून परतल्यावर गेलो. तिने दार उघडले ते हातात तीनशे रुपये घेऊनच. वसुलीला आलो असे तिला वाटले. वडीलमंडळींच्या पुढच्या सभेत मी ती यादी बंद करण्याचा ठराव मांडला. दोघांचा विरोध झाला. बांधकाम रखडेल, म्हणाले. आणि ते रखडलेच. भिंती अजून खिडक्यांपर्यंतच आल्या आहेत. ती बहीण दाराजवळच्या बाकावर बसते.

शिष्यांना प्रभूने हाक मारली त्या गालील सरोवराचा काठ समुद्रसपाटीहूनही दोनशे मीटरांहून अधिक खाली आहे. तेथे पोहोचायला उतरावे लागते, हे मी नकाशात पाहिले तेव्हा मला हसू आले.

बाकीची मुले दुसऱ्या वाटाड्याबरोबर एक दिवस थांबून तळ्यावर जाऊन आली. त्यांनी आणलेले छायाचित्र माझ्या मेजावर आहे. पाणी हिरवट निळे, त्यात थलयसागर उलटा. परवा तो धाकटा येऊन विचारीत होता, "काका, पुन्हा जायचे का?" मी त्याच्यापुढे दिनदर्शिका ठेवली आणि गंगोत्रीला किती दिवस थांबायचे ते त्यालाच लिहायला सांगितले. त्याने चार लिहिले. त्यांत एक रविवारही येतो.