सोंग

आमच्या थोरल्या काकीचा उजवा गाल दुखायचा. दुखायचा म्हणजे बोलता बोलता एकदम वीज पडावी तसा. भाकरी तव्यावर तशीच राहायची. काकी हात गालापाशी न्यायची, पण लावायची नाही. अर्धं-एक मिनिट जायचं. मग डोळे पुसून ती पुन्हा भाकरी थापायला घ्यायची.

हे पुन्हा थापणंच तिला नडलं. आजी म्हणायची, "खरं दुखतंय ते मानूस पडून ऱ्हातंय. ही घडीत रडती, घडीत भाकऱ्या बडवती. सोंग हाय सगळं."

तालुक्याला दातांच्या डॉक्टरनं एकामागून एक तीन दाढा काढल्या. दाढा गेल्या, दुखणं तिथंच. मग अंगारे-धुपारे झाले. काकी तोंड धुवायला भ्यायची, पदर गालाभोवती घट्ट गुंडाळून बसायची. "दाबलं तर सोसतंय, पर वारं सोसत न्हाई," म्हणायची. हे ऐकून तर बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

मी तेव्हा सातवीत होतो. सोंग आपणच उघडं पाडावं असं मला वाटलं. एका दुपारी काकी सोप्यात भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. मी कोंबडीचं पीस घेतलं आणि तिच्या नाकाशेजारी, ओठाच्या वर हळूच फिरवलं. ती अशी किंचाळली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मी पळत जाऊन आजीला सांगितलं, "नुसतं पीस लावलं तरी वरडली!" पिसानं कुठं दुखतं का?

बऱ्याच वर्षांनी काका तिला मिरजेला घेऊन गेले. सोबत मी होतो. तिथल्या डॉक्टरांनी आधी गालाला हातच लावला नाही. विचारलं, "वारं लागलं, दात घासले की कळ येते का?" काकी रडायलाच लागली. तिचं दुखणं तिच्याआधी दुसऱ्या कुणी सांगितल्याची ती पहिली वेळ.

डॉक्टरांनी समजावलं. चेहऱ्याची जाणीव मेंदूकडे नेणारी एक नस प्रत्येक बाजूला असते. तिच्या तीन फांद्या. एक कपाळ-डोळ्याकडं, एक गाल आणि वरच्या जबड्याकडं, एक खालच्या जबड्याकडं. मेंदूपाशी या नसेवर एखादी रक्तवाहिनी टेकली, की हृदयाच्या ठोक्यागणिक तिच्यावर दाब पडत राहतो आणि वरचं आवरण झिजतं. मग साध्या स्पर्शाची खबर वेदनेच्या तारेवर उडी मारते.

मला आमच्या विहिरीवरच्या मोटरीची केबल आठवली. दगडाच्या कडेला घासून तिचं प्लास्टिक गेलं होतं. मोटर चांगली, पाणी चांगलं, पण हात लागला की झटका. काकीच्या दाढांत काही नव्हतंच. दाढांची खबर नेणारी तार झिजली होती. कार्बामाझेपिन नावाची गोळी मिळाली. मूळची फेफऱ्याची, पण १९६० च्या दशकापासून या दुखण्यावर देतात. गोळीनं काकी सुरुवातीला पेंगायची, पण तोंड धुवायला लागली.

म्हणजे माझं पीस हा सोंगाचा पुरावा नव्हताच. तिच्या खरेपणाचा तेवढा पक्का पुरावा दुसरा नव्हता.

मी पुष्कळदा विचार करतो. बैल पाय टेकताना जरा बिचकला, तर काका खाली बसून खूर तपासायचे. बैलाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास. काकी तोंडानं सांगत होती, म्हणून संशय. सोंग करणारी माणसं जगात नाहीत असं नाही. पण सोंगाला फसलो तर एखाद्या दिवसाची भांगलण बुडते. खऱ्याला सोंग म्हटलं तर काय बुडतं, त्याचा हिशेब आमच्या घरात कुणी मांडला नाही.

शेवटी एकदा मी पिसाचं बोललो. काकी म्हणाली, "तुला काय ठावं रं तवा? सगळी म्हणाय लागली, तवा मलाबी वाटायचं, मी सोंगच करती का काय."

दुखणं गोळीनं आटोक्यात आलं. हे मात्र कशानं भरून यावं, मला अजून उमगलेलं नाही.