प्रार्थनेच्या हक्काचे छप्पर

डब्लिनच्या ग्लासनेव्हिन दफनभूमीत शिरणाऱ्याची नजर आधी डॅनियल ओकॉनेल यांच्या समाधीवरच्या गोल मनोऱ्याकडे जाते. पन्नास मीटरांहून उंच अशा त्या मनोऱ्याजवळ अंत्यविधीचे एक चॅपल आहे. ते सहसा दुर्लक्षितच राहते. विचार करण्याजोगे मात्र तिथे अधिक आहे.

या चॅपलचे काम तसे थोडेच. शवपेटी आत आणायची, धर्मगुरूंनी प्रार्थना म्हणायची आणि मग सगळ्यांनी कबरीकडे निघायचे. एवढ्यासाठी वेगळी वास्तू का उभारली, हे कळायला १८२३ सालाकडे जावे लागते. डब्लिनच्या कॅथलिकांना तेव्हा स्वतःची दफनभूमी नव्हती. आपल्या माणसाला प्रॉटेस्टंट चर्चच्या आवारात पुरावे लागे. सेंट केव्हिन्समध्ये अशाच एका दफनाच्या वेळी कॅथलिक धर्मगुरू प्रार्थना म्हणू लागले, तेव्हा तिथल्या चर्चसेवकाने त्यांना अडवले. शहर खवळले. कॅथलिकांचे पुढारी ओकॉनेल पेशाने वकील. कबरीपाशी प्रार्थना करायला मनाई करणारा कायदाच नाही, असे त्यांनी ठामपणे मांडले. पुढच्याच वर्षी सवलतीचा कायदा झाला, पण प्रॉटेस्टंट धर्मगुरूच्या परवानगीची अट घालून! मग स्वतःची जमीन घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. १८२९ मध्ये गोल्डनब्रिज आणि १८३२ मध्ये ग्लासनेव्हिन दफनभूमी सुरू झाली.

गोल्डनब्रिजचे चॅपल रोमन देवळाच्या घाटाचे आहे. यात नवल नाही. त्याआधी चारच वर्षे पुरे झालेले डब्लिनचे कॅथलिक प्रो-कॅथेड्रलही ग्रीक धाटणीचे होते. नागरी हक्क नुकतेच कुठे हाती येत होते आणि सत्ताधाऱ्यांना मान्य असलेल्या अभिजात शैलीत बांधणे म्हणजे आम्हीही तुमच्याइतकेच प्रतिष्ठित आहोत, असे सांगणे होते.

ग्लासनेव्हिनचे चॅपल १८७०च्या दशकातले. तोवर सूर पार बदलला होता. जॉर्ज पेट्री या अभ्यासकाने आयर्लंडमधले प्राचीन गोल मनोरे कुणा अग्निपूजकांचे नसून ख्रिस्ती मठांची घंटाघरे आहेत, हे साधार दाखवून दिले होते. ओकॉनेल यांच्या स्मारकासाठी त्याने मनोरा, चॅपल आणि उंच क्रूस असा प्राचीन मठासारखा समूह सुचवला. प्रत्यक्षात मनोरा तेवढा अवाढव्य उभा राहिला. चॅपल नंतर जे. जे. मॅकार्थी यांनी केले. हा गृहस्थ उभा जन्म गॉथिकचा पुरस्कर्ता, पण इथे टोकदार कमानी सोडून बाराव्या शतकातल्या कॅशेलच्या कॉर्मक चॅपलकडे, त्या गोल कमानींच्या आयरिश रोमनेस्क शैलीकडे वळला. आयर्लंडात गॉथिक आले ते नॉर्मन आक्रमकांच्या मागोमाग. त्याआधीची शैली निवडणे म्हणजे तुम्ही येण्यापूर्वीपासून आम्ही इथे आहोत, असे दगडात बजावणे.

हा दावा मला समजतो, पूर्ण पटत मात्र नाही. एक तर कॉर्मक चॅपलही निखळ आयरिश नव्हे. त्याच्यावर इंग्लंड आणि जर्मनीतल्या बांधकामाची छाप अभ्यासकांना दिसते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ओकॉनेल यांनी ही दफनभूमी सर्वधर्मीयांसाठी खुली ठेवली होती. ज्यांना प्रार्थनेपासून अडवले गेले, त्यांनी कुणालाच अडवायचे नाही, हे त्यामागचे मोठेपण. चॅपलची शैली मात्र एकाच वंशावळीचा उच्चार करते. तिथे कुणाला मज्जाव नव्हता, हे खरे. पण इमारत कुणाच्या नावाने बोलते हा प्रश्न दार उघडे ठेवून सुटत नाही. १८९१ मध्ये आयरिश स्वराज्याचा प्रॉटेस्टंट पुढारी पार्नेल इथेच पुरला गेला. पुढे त्याच्या कबरीवर विकलोच्या ग्रॅनाइटचा ओबडधोबड धोंडा बसवला आणि त्यावर फक्त आडनाव कोरले. त्या धोंड्याला कुठल्याच शतकाची, कुठल्याच पंथाची शैली नाही. ओकॉनेल यांच्या मूळ कल्पनेशी मॅकार्थींच्या कुशल कामापेक्षा त्याचेच नाते मला अधिक जवळचे वाटते.