वानवळा की हक्क?



नोकरीतून निवृत्त झालेल्या शिक्षिकेला दोन खोडी लागतात, असे माझे निरीक्षण आहे. एक म्हणजे भेटेल त्याच्या चुका सुधारण्याची आणि दुसरी बागकामाची. मला दोन्ही लागल्या आहेत. ज्या प्रश्नाविषयी आज लिहायचे आहे, तो ह्या दोन खोडी एकत्र आल्यामुळेच उभा राहिला. प्रश्न ऐकायला सोपा आहे. आपल्या हातांनी लावलेली, वाढवलेली भाजी आपली असते का? आणि असलीच, तर कितपत?

आम्ही अश्दोदला चार मजली जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहतो. इमारतीच्या मागे आठ पावले लांब आणि पाच पावले रुंद असा जमिनीचा तुकडा आहे. जमीन कसली, वाळूच ती. 2012 पर्यंत तेथे काटेरी झुडपे, प्लास्टिकच्या पिशव्या आणि कोणाची तरी मोडकी सायकल एवढेच पीक येत असे. मी त्या वर्षी तो तुकडा साफ केला. स्वयंपाकघरातील साली, पालापाचोळा कुजवून दोन हिवाळे त्या वाळूत मिसळला, तेव्हा कुठे तिला जरा मातीचा रंग आला. कडेला एक लिंबू आणि एक शेवगा लावला, सावलीच्या बाजूला पुदिना, आणि उन्हाच्या बाजूला भेंडी.

भेंडीबद्दल थोडे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. ह्या देशात बाकी भाज्या उन्हाळ्यात माना टाकतात. भेंडीला मात्र ऊन हवेच असते. पेसाख आटोपला की मी बी रात्रभर भिजत घालते आणि सकाळी बोटाच्या एका पेराइतके खोल टोचते. जमीन तापलेली असली तर आठवड्यात कोंब वर येतो आणि दोन महिन्यांच्या आत पहिली भेंडी हाती लागते. त्यानंतर मात्र आळस चालत नाही. एक दिवसाआड तोडणी करावी लागते, कारण तर्जनीएवढी कोवळी भेंडी तिसऱ्या दिवशी जून होते, आणि झाडावर जून भेंडी राहिली की झाड समजते आपले काम झाले. पुढची फुले धरीत नाही. मे ते सप्टेंबर येथे पावसाचा थेंब नाही. पाणी ठिबकच्या नळीने, सूर्य उगवण्यापूर्वी वीस मिनिटे. कोकणात पाऊस फुकट पडतो आणि नको तितका पडतो. येथे आपण पितो त्या पाण्यातलेही बरेचसे समुद्राचे गोडे केलेले असते. शेजारच्या अश्केलोनचा मोठा कारखाना 2005 साली सुरू झाला तो ह्याच कामासाठी. असे पाणी भेंडीला घालताना हात आपोआप आखडतो.

माझे बालपण रेवदंड्याजवळच्या एका खेड्यात गेले. आमच्या परसात आईचे राज्य. विहिरीच्या ओलीवर अळू, मांडवावर पडवळ आणि दुधी, भात कापून झाल्यावर मागच्या वाफ्यात वाल. पहिला तोडा कधीही आमच्या घरात शिजला नाही. तो वानवळा म्हणून आळीत जायचा. सुपात चार पडवळे आणि मूठभर मिरच्या घेऊन मला पिटाळीत. पहिले घर कोळ्यांचे, मग भंडाऱ्यांचे, मग शेजारच्या आमच्याच एका मावशींचे. सूप कधी रिकामे परत आले नाही. गूळ, नारळ, नाहीतर नुसते चार तांदळाचे दाणे तरी त्यात असायचेच. ही माझी पहिली नीतीची शाळा. पिकेल ते आपले, पण आधी शेजाऱ्याच्या दारी. 1977 साली मी एकोणीस वर्षांची असताना आम्ही येथे आलो, तेव्हा ती शाळा मी बरोबर घेऊन आले असे मला वाटत होते. अश्दोदच्या बागेतली पहिली भेंडीही मी आठ घरी वाटली होती, आणि लोकांनी केलेले कौतुक कानांत साठवले होते.

आता 2019 सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. भेंड्या कमी भरू लागल्या. मी गणिताची शिक्षिका. कुठल्या झाडाला उद्या किती येणार हे मला पाठ असते. आमचे हे म्हणाले, "पाखरं खात असतील." पाखरे देठ ठेवून कोवळी तेवढी तोडीत नाहीत. चौथ्या दिवशी पहाटे मी खिडकीशी दबा धरून बसले, तर तिसऱ्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. मोरोक्कोहून लहानपणी आलेल्या, वय ऐंशीच्या घरात, एकट्याच राहणाऱ्या. अंगावर घरातला एप्रन. शांतपणे वाकून त्यांनी पाच-सहा भेंड्या तोडल्या आणि एप्रनच्या खिशात टाकल्या.

मी बाहेर गेले आणि जे बोलले ते येथे लिहिण्यासारखे नाही. 'चोरी' हा शब्द मी वापरला, आणि वर्गात वापरीत असे त्या आवाजात वापरला. बाई गडबडल्या नाहीत. त्यांचा नातू माझ्या वर्गात होता, त्यामुळे त्या मला 'मोरा', म्हणजे शिक्षिका, अशी हाक मारतात. (आमचे हे त्यावरून अजून मला चिडवतात, की मोरा म्हणजे उरणचे बंदर!) त्या म्हणाल्या, "मोरा, ही जमीन सगळ्या इमारतीची आहे. पाणी जिन्याखालच्या नळाचं, त्याचे पैसे मीही भरते. मग चोरी कोणी कोणाची केली?" एवढे बोलून त्यांनी खिशातल्या भेंड्या काढून पायरीवर ठेवल्या आणि जिना चढून गेल्या.

त्या भेंड्या मी उचलल्या, शिजवल्या, आणि त्या काही गोड लागल्या नाहीत. त्यानंतर बाई बागेकडे फिरकल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तर 'शालोम' म्हणत, पण 'मोरा' म्हणत नसत.

कायदा त्यांच्या बाजूने होता. येथील 1969 च्या जमीन कायद्याप्रमाणे अशा इमारतीची मोकळी जागा सर्व घरमालकांच्या सामाईक मालकीची असते. मी मनाशी वाद घालीत राहिले. घाम माझा होता ना? त्या तुकड्यावर काटे होते तेव्हा तो कोणाचाच नव्हता. भेंडी लागल्याबरोबर तो सगळ्यांचा झाला! हा युक्तिवाद मला अजूनही अगदीच टाकाऊ वाटत नाही. जो खपतो त्याला काहीच राखता येणार नसेल, तर उद्या कुदळ हातात कोण धरील? पण घामाने मालकी मिळते म्हणावे, तर मी तीस वर्षांहून अधिक काळ मुलांवर खपले, ती मुले काय माझी झाली? बी रामलेच्या बाजारातले, पाणी सामाईक, जमीन सामाईक, ऊन तर कोणाच्याच बापाचे नाही. ह्या सगळ्यात माझे म्हणून जे होते ते थोडेसे कष्ट आणि पुष्कळसा गर्व.

मग मी आपल्या धर्मशास्त्रात काय आहे ते पाहू लागले. लहानपणी ह्या गोष्टींचा आपला संबंध नव्हता. कोकणात आपले पूर्वज तेलघाणे चालवीत, शेती करीत. शनिवार पाळीत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पण शेताचा कोपरा, दशांश, सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती हे नियम इस्राएलच्या भूमीला लागलेले. ते मला प्रथम चिकटले ते आठ पावलांच्या वाळूला.

तोरा सांगते की पीक कापताना शेताचा कोपरा कापू नये, तो गरिबांसाठी सोडावा. ह्याला 'पेआ' म्हणतात. मिश्नेत त्याचा तपशील आहे, आणि त्यात मला गंमतीची गोष्ट सापडली. भाजीला पेआ लागूच नाही. जे पीक एकदम कापतात आणि साठवून ठेवतात, त्यालाच तो नियम. धान्य आले, वाळवून ठेवायची कडधान्ये आली. म्हणजे आईच्या वालांना तो लागला असता. भेंडी रोज तोडायची आणि ताजीच खायची, म्हणून ती सुटली. मला क्षणभर बरे वाटले. वकिलाला पळवाट सापडल्यावर वाटते तसे.

पण पुढचे वाचले आणि ते बरे वाटणे संपले. पेआ मालकाने कापून वाटायची नाही. ती उभी सोडायची. गरिबांनी येऊन आपली आपण न्यायची. शंभरातले नव्याण्णव म्हणाले की तूच वाटून दे आणि एकजण म्हणाला की आम्हीच घेऊ, तर ऐकायचे त्या एकाचे. अमक्याला जास्त, तमक्याला कमी हे मालकाने ठरवायचे नाही. आणि ती शेताच्या कडेला सोडायची, कारण मालक आत्ता देईल, मग देईल अशी वाट पाहत कोणाला बसून राहावे लागू नये, असेही एक कारण रब्बींनी दिले आहे.

मला आईचे सूप आठवले. वानवळ्यात देणारा दार ठोठावतो, घेणारा हसतो, "वा, काय सुरेख पडवळं!" म्हणतो, आणि ते वाक्य घेऊन देणारा घरी येतो. मी 2019 पर्यंत जे वाटले त्याची किंमत मी वसूल केली होती. पैशांत नाही, एवढेच. त्या बाईंनी भाजी नेली ह्याचा मला राग नव्हता. मागितल्या असत्या तर मी दुप्पट दिल्या असत्या. राग होता तो त्यांनी मला देऊ दिले नाही ह्याचा. आईलाही ते कौतुक हवे असे का? हवे असेलही. पण तिच्या सुपात परत येणारा गूळ हिशेब चुकता करीत असे. उद्या शेजारीण देणार आणि आम्ही घेणार. मी आठ घरी दिले, पण कोणाकडून काही घेतल्याचे मला आठवत नाही. आम्हाला कशाला, आमची बाग आहे, असे म्हणून मी नको म्हणत असे.

सप्टेंबर 2021 मध्ये सातवे वर्ष, श्मिता, सुरू झाले. त्या वर्षी पेरणी नाही, लावणी नाही. झाडे जगतील एवढेच पाणी. झाडांना जे फळ धरेल ते कोणा एकाचे नव्हे, येईल त्याचे. भाजीच्या बाबतीत रब्बी आणखी कडक आहेत. सातव्या वर्षी आपोआप उगवलेली भाजीसुद्धा त्यांनी मना केली, कारण लोक चोरून पेरीत आणि 'आपोआप उगवली' म्हणून सांगत. माणसाचा स्वभाव किती जुना आहे पाहा! मी नळी गुंडाळून ठेवली, कुंपणाची तार सोडून टाकली आणि लिंबाजवळ चिठ्ठी लावली की हवे त्याने न्यावे. लहान मुलांनी लिंबे नेली, टपालवाल्याने नेली. शेवग्याच्या शेंगा आपल्याच एका कुटुंबाने नेल्या, आणि त्यांना त्या नेताना खिडकीतून पाहणे किती कठीण असते हे मला कळले. तिसऱ्या मजल्यावरून कोणी आले नाही.

पाऊस झाल्यावर मोकळ्या वाळूत खुबेजा माजला. गोल पानांचे, जमिनीलगत पसरणारे हे रानझाड आपणा सर्वांच्या पाहण्यातले आहे. 1948 साली यरुशलेम वेढ्यात सापडले तेव्हा लोकांनी ह्याच पानांवर दिवस काढले. मी दरवर्षी त्याला तण म्हणून उपटून फेकीत असे. ते कोणी पेरीत नाही, म्हणून श्मितेतही खायला मोकळे असते. जानेवारीत एके सकाळी बाई खाली आल्या, लिंबाकडे वळूनही पाहिले नाही, आणि एप्रनभर खुबेजा खुडून नेला. दुपारी दारावर टकटक झाली. बाईंच्या हातात बशी होती. लसूण, जिरे, ऑलिव्ह आणि खारवलेले लिंबू घालून परतलेली तीच पाने. म्हणाल्या, "तुझ्या अंगणातली आहेत, मोरा. चाखून पाहा."

माझ्याच बागेतला वानवळा माझ्या दारी आला होता, आणि त्याबद्दल आभार मला मानायचे होते. ते शब्द तोंडातून निघायला वेळ लागला, हे कबूल करते. आजवर माझ्याकडून भेंडी घेणाऱ्या आठ घरांना काय वाटत असेल, ह्याचा मी कधी विचार केला नव्हता.

बशी रिकामी कशी परत करायची? पहिला विचार लिंबांचा आला. पण त्या वर्षी ती लिंबे जितकी माझी तितकीच त्यांची होती. त्यांचीच वस्तू त्यांना काय द्यायची? सुदैवाने तू बिश्वात होता. घरी मलिदा केला होता. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वर केळ्याचे काप आणि खजूर. तो बशीत भरून तीन जिने चढून गेले. त्यांनी एलियाहू हनावीचे नाव ऐकून मान हलवली, एक घास खाल्ला आणि विचारले, "हे कच्चे तांदूळ आहेत का?" तासभर मी पोहे कसे होतात ते समजावीत बसले.

श्मिता संपल्यावर, 2023 च्या पेसाखनंतर, मी पुन्हा भेंडी लावली. पायवाटेलगतची एक ओळ कुंपणाबाहेर आहे. ती मी तोडीत नाही आणि ती कोणाची हे कोणाला सांगितलेले नाही. मोजायचे नाही असे ठरवले आहे, पण मोजले जाते. वयाच्या ह्या टप्प्यावर गणित सुटत नाही. खिडकीचा पडदा मात्र पहाटे लावून घेते. गेल्या उन्हाळ्यात आमचे हे आठवडाभर आजारी होते आणि मी बागेत गेलेच नाही. सातव्या दिवशी वरून हाक आली, "मोरा! तुझ्या आतल्या भेंड्या जून झाल्या, लाकूड झालंय त्यांचं! तोडणार आहेस, की मी येऊ?"

मी खिडकीतूनच म्हटले, "या ना. चाकू घेऊन या."