कण्यातली पोकळी

माणसाच्या कण्यात ३३ मणके. मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५. त्याखालचे ५ आणि माकडहाडाचे ४ वयानुसार एकमेकांत जुळून जातात. शेवटचे चार सोडले तर प्रत्येक मणक्याला एक भोक असते. ती भोके एकाखाली एक आली की कण्यात एक पोकळी तयार होते. मज्जारज्जू तिच्यातून उतरतो.

ही पोकळी एकट्या कुठल्याच मणक्याची नसते. नांदूरमध्यमेश्वरच्या कालव्यावरची चारी जशी कुणा एकाच्या सातबाऱ्यावर नसते, तशी. मध्ये एकाने बांध ढासळू दिला की टेलचे, म्हणजे चारीच्या टोकाचे, शेत कोरडे राहते. टेलवाला मात्र शेजाऱ्याशी भांडतो, कारण तो समोर दिसतो. दुखण्याचेही असेच होते. पोटरी दुखते म्हणून माणूस पोटरीला तेल चोळत बसतो. नस दबलेली असते कमरेत.

गर्भाच्या तिसऱ्या महिन्यात मज्जारज्जू ही पोकळी वरपासून खालपर्यंत व्यापून असतो. पुढे हाडे भराभर वाढतात, रज्जू मागे पडतो. जन्माच्या वेळी तो कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो; मोठ्या माणसात पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी. नसांना मात्र बाहेर पडायचे दार सुरुवातीला लाभले तेच राहते. तिथे पोहोचायला त्या पोकळीतून लांबवर खाली येतात. अंतर वाढले म्हणून त्यांनी दार बदललेले नसते.

वाढीतल्या या तफावतीमुळे कमरेच्या खालच्या भागात रज्जू नसलेली जागा मिळते. १८९१ मध्ये क्विन्के या जर्मन वैद्याने तिथे सुई घालून पोकळीतले पाणी काढले. १८९८ मध्ये ऑगस्ट बिअरने त्याच वाटेने औषध देऊन कमरेखालचे शरीर बधिर केले. आज सिझेरियनच्या टेबलावर आई शुद्धीत असते आणि बाळाचे पहिले रडणे स्वतः ऐकते. ते ऐकणे तिला या मोकळ्या जागेने दिले आहे.

तीच बाई पुढे आयुष्यभर सांगते, कमरेत इंजेक्शन दिले तेव्हापासून कंबर धरली. त्या सुईने वर्षानुवर्षे कंबर दुखत राहते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. सुई एकदाच टोचली, ती लक्षात राहिली. नंतर उचललेले हंडे, कडेवरचे मूल, वाफ्यातले वाकणे हे रोजचे होते. जे रोज घडते ते कारण म्हणून सुचत नाही.

निफाड तालुक्यात शरीराला दोन विरुद्ध दिशांनी राबवणारी दोन पिके आहेत. द्राक्षाच्या मांडवाखाली विरळणी करताना मान तासन्‌तास मागे टाकलेली असते, हात डोक्याच्या वर. कांद्याची रोपे लावताना कंबर दुमडलेली असते आणि नजर मातीत. मान मागे गेली की मानेतली पोकळी आवळते. कंबर पुढे वाकली की कमरेतली पोकळी उलट थोडी सैल होते, पण भार मणक्यांमधल्या गादीवर येतो. सकाळी द्राक्षाच्या बागेत, दुपारनंतर कांद्याच्या वाफ्यात, अशा दिवसात एकच बाई दोन्ही सोसते. मजुरीचा हिशेब दिवसावर होतो. या सोसण्याला त्यात रकाना नाही.

गावात सायकल हाताने धरून चालणारे म्हातारे दिसतात. ते सायकलवर बसत नाहीत आणि ती घरीही ठेवत नाहीत. ताठ चालले की शंभर पावलांत पाय भरून येतात. हँडलवर रेलले की मोकळे होतात. कमरेतली पोकळी वयाने अरुंद झाली की असे होते. हे दुखणे डच शल्यविशारद फेरबीस्ट यांनी १९५४ मध्ये नीट मांडले. आवळलेल्या नसांना जागा मिळाली की चालणे परतते, हे त्यांनी शस्त्रक्रियेने दाखवले. म्हाताऱ्यांनी ती जागा हँडलवर वाकून शोधलेली असते. पाहणाऱ्याला वाटते, गडी खचला. वाकलेल्या माणसाबद्दल लोक फार लवकर मत बनवतात.

इजिप्तच्या एका पपायरसवर साडेतीन हजार वर्षांपूर्वी मान निखळलेल्या माणसाची लक्षणे लिहिलेली आहेत. हातापायांची जाणीव गेली, लघवीवर ताबा उरला नाही. नोंद अचूक आहे. पुढे वैद्य म्हणतो, यावर उपचार करायचे नाहीत. हा निकाल विसाव्या शतकातही टिकून होता. १९४४ मध्ये लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला अशा जखमींचा विभाग उघडला आणि तो निकाल मोडला. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले. एक गोळी कण्यापाशी राहून गेली. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. इतक्या पिढ्यांनी पाहिले होते ते खरे होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा निघाला.

या सगळ्याच्या आधी एक महिना असतो, आणि तो कुणी पाहत नाही.

गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मज्जानलिका मिटते. आधी ती पाठीवरची उघडी पन्हळ असते. कडा वर येतात, जुळतात. खालच्या टोकाला जुळल्या नाहीत तर कणा तिथे उघडा राहतो आणि मूल पाठीवर फुगवटा घेऊन जन्मते. या दिवसांत पाळी जेमतेम चुकलेली असते. आईला शंका येईपर्यंत काम उरकलेले असते.

असे मूल झाले की घर कारण शोधते. ग्रहणात विळी हातात घेतली होती का, असे विचारले जाते. ग्रहण पुष्कळदा नंतरच्या महिन्यांतले असते. कण्याचे बरेवाईट पहिल्याच महिन्यात ठरलेले असते. तरी प्रश्न थांबत नाहीत, आणि ज्या बाईला ते विचारले जातात तिच्याजवळ उत्तर नसते. अशा एका घराला मी परका नाही.

उत्तराचा पहिला धागा मुंबईत सापडला. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायांचे रक्त का आटते, हे तिला शोधायचे होते. त्या बायांच्या जेवणात काहीतरी कमी होते, आणि यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होत होत्या. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केले. ते काहीतरी म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये अमेरिकेत ते पालकाच्या पानांतून वेगळे केले गेले. विल्स १९६४ मध्ये वारली. पुढच्याच वर्षी दोन ब्रिटिश डॉक्टरांनी फोलेटचा आणि गर्भातल्या व्यंगांचा संबंध सुचवला. १९९१ मध्ये सात देशांतल्या १,८१७ स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल आला. आधी असे मूल झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतले, तर पुन्हा तसे होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते.

गिरणीतल्या त्या बायांची नावे कुणाच्या तोंडी नाहीत. त्यांच्या रक्ताने उघडलेली वाट पुढे परक्या मुलांच्या पाठीपर्यंत गेली. त्यांना हे कळले नाही, विल्सलाही नाही. उपकार करणाऱ्याला उपकाराची खबर नसणे, हे वाटते तितके दुर्मीळ नाही.

आज शाळेतल्या मुलींना फॉलिक अ‍ॅसिड असलेली आठवड्याची निळी गोळी मिळते. गरोदरपणाची नोंद झाली की आशाताई गोळ्या आणून देतात. नोंद होते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. ती गोळी रक्तासाठी मोलाची असते. कण्यासाठी तिची वेळ टळलेली असते. शाळा सुटल्यापासून नोंद होईपर्यंतच्या वर्षांतही गोळी द्यावी असे सरकारी योजनेत आहे. घरात ती क्वचित दिसते. निफाडच्या बाजारात मेथी-पालकाच्या जुड्या रचलेल्या असतात, पण शिजवताना फोलेट बरेच जाते. भाजीवर विसंबून चालत नाही.

गोळी स्वस्त आहे. अडचण ती मागण्यात आहे. मूल राहण्याआधी गोळी मागणे म्हणजे नव्या सुनेने घरात नको त्या चर्चेला तोंड फोडणे. ती ते टाळते. लग्नाच्या यादीत पाटल्या-बांगड्यांपासून मानपानाच्या साड्यांपर्यंत सगळे लिहिले जाते. सासूने त्याच खरेदीत औषधाच्या दुकानातून ही गोळी आणून सुनेच्या हातात ठेवली, तर सुनेला मागावी लागणार नाही.