कुठली भिंत?

बंगळुरूत फ्लॅटमध्ये काम काढायचं तर आधी असोसिएशनकडे अर्ज करावा लागतो. अर्जाचा नमुना सगळीकडे साधारण सारखाच असतो. कंत्राटदाराचं नाव, कामगारांच्या आधार कार्डांच्या प्रती, कामाची वेळ नऊ ते सहा, रविवारी सुट्टी, सामानासाठी फक्त सर्व्हिस लिफ्ट, राडारोडा स्वतः उचलायचा, वरच्या-खालच्या शेजाऱ्यांच्या सह्या, आणि डिपॉझिट, जे सहसा काहीतरी कापूनच परत येतं. या सगळ्यात कुठेतरी 'कामाचे स्वरूप' असा एक छोटा रकाना असतो. त्यात लोक 'इंटिरियर' एवढंच लिहितात. मॅनेजर शिक्का मारतो.

मला तो रकाना खटकतो. कपाटांना नवा लॅमिनेट लावणं हेही इंटिरियर, आणि स्वयंपाकघर मोकळं दिसावं म्हणून मधली भिंत उडवणं हेही इंटिरियरच. पहिल्याने फार तर शेजाऱ्याची दुपारची झोप जाते. दुसऱ्याने काय जाईल हे भिंत कुठली आहे यावर अवलंबून, आणि अर्जात नेमका तोच प्रश्न नसतो.

कर्नाटकाचा अपार्टमेंट मालकी कायदा १९७२चा आहे. महाराष्ट्राचा त्याच्या दोन वर्षं आधीचा, आणि दोन्हींची भाषा पुष्कळ मिळतीजुळती. या कायद्यांप्रमाणे जमीन, पाया, खांब, बीम, मुख्य भिंती, छत हे सगळं सामाईक. वीस वर्षांचे हप्ते भरून आपण घेतो ती या सगळ्यांच्या मधली जागा, आणि सामाईकात एक अविभक्त हिस्सा. हॉलच्या कोपऱ्यातला जो खांब सोफा नीट बसू देत नाही, तो आपल्या घरात उभा असला तरी आपल्या एकट्याचा नाही. इमारतीच्या मजबुतीला धोका पोचेल असं काम करायचं तर इतर सर्व मालकांची एकमुखी संमती आधी घ्यावी, असं कायदा सांगतो. बहुमत नव्हे, सर्व. दोनशे फ्लॅटच्या संकुलात गणपतीच्या वर्गणीवरही सगळ्यांचं एकमत होत नाही, तेव्हा याचा व्यवहारातला अर्थ 'करू नका' असाच घ्यायचा. शहरातल्या कित्येक असोसिएशन या कायद्याखाली नव्हे, तर १९६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदवलेल्या आहेत आणि त्यावर वाद चालूच असतात. पण खांब कुठल्या कायद्याखाली उभा आहे हे विचारून वजन पेलत नाही.

जयनगर, मल्लेश्वरमकडच्या जुन्या इमारतींत वजन बहुधा खांब आणि बीम घेतात; मधल्या चार इंची ब्लॉकच्या भिंती नुसता आडोसा असतात. तिथे एखादी भिंत काढणं इंजिनिअरला दाखवून जमू शकतं. सर्जापूर रोड किंवा व्हाइटफील्डला अलीकडे उभ्या राहिलेल्या अनेक उंच इमारतींची गोष्ट वेगळी. तिथे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात. मिवान म्हणतात ते हेच. तिथे वेगळा असा खांब शोधून सापडत नाही, कारण भिंतीच वजन घेतात. अशा घरात वास्तूवाला सांगतो म्हणून दार हातभर सरकवणं ही सजावट राहत नाही. तरी दोन्ही प्रकारच्या इमारतींत अर्ज तोच, रकाना तोच.

२५ जुलै २०१७ ला मुंबईत घाटकोपर पश्चिमेला सिद्धी साई ही चार मजली इमारत भर सकाळी कोसळली. १७ माणसं गेली. तळमजल्यावर, जिथे आधी नर्सिंग होम होतं, तिथे नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावला गेला असा आरोप झाला. त्या जागेशी संबंधित माणसाला अटक झाली. रहिवाशांना ते काम आधीपासून खुपत होतं, हेही नंतर बातम्यांत आलं. खुपणं आणि थांबवता येणं यांत अंतर असतं. कुठली भिंत, कुठला खांब, हे कुणाकडे कागदावर नसेल तर शेजाऱ्याची शंका ही नुसती कटकट ठरते.

कमिट्या निष्काळजी असतात असं मात्र मला वाटत नाही. जे कानावर पडतं आणि डोळ्यांना दिसतं त्याचे नियम त्या कसोशीने करतात. काँक्रीटमध्ये ड्रिल लागला की पाच-सहा मजले ऐकू जातो, आणि घरून काम करणाऱ्यांच्या या शहरात त्याची तक्रार पाच मिनिटांत ग्रुपवर येते. म्हणून वेळेचा नियम कडक. लिफ्टच्या आरशाला ओरखडा दिसतो, म्हणून डिपॉझिट. नव्या बाथरूमला फरशी बसवण्याआधी दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्यांचं छत दाखवा, अशी अट मात्र क्वचित असते. कारण गळतीची ओल सहा महिन्यांनी उतरते. तशीच आणखी एक गोष्ट कुणी लिहीत नाही: हे जे आठ-दहा सुतार, फरशीवाले दीड-दोन महिने इमारतीत राबणार, त्यांनी जेवायचं कुठे आणि शौचाला जायचं कुठे? त्यांनी कुठली लिफ्ट वापरायची नाही, हे तेवढं ठळक अक्षरांत असतं.

पण मला खरी भीती वाटते ती बेरजेची. एकेक परवानगी सुटी पाहिली तर बहुतेक रास्तच दिसते. चौथ्या मजल्यावर बाल्कनी हॉलमध्ये घेतली. सातव्यावर दोन फ्लॅट जोडून एक केला. नवव्यावर जुनी फरशी न काढता वर जाड कोबा आणि इटालियन मार्बल. मग फ्लॅट विकले जातात, कमिटी दरवर्षी बदलते, मॅनेजर दुसऱ्या संकुलात जास्त पगारावर जातो आणि फाइल कुठल्यातरी कपाटात गडप होते. तिसरा मालक येतो तेव्हा पहिल्याने काय काढलं होतं हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. सगळ्यांचा हिशोब एकत्र फक्त इमारतीकडे असतो, आणि ती अर्जाला उत्तर देत नाही.

पूर्णत्वाचं प्रमाणपत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत बिल्डरने नकाशे आणि कागदपत्रं असोसिएशनच्या हवाली करावीत, असं २०१६च्या रेरा कायद्यात आहे. किती जणांनी ते मागून घेतले, हे आपापल्या इमारतीत विचारून पाहावं. ते हाती असतील तर काम काढणाऱ्याने नकाशाच्या झेरॉक्सवर लाल पेनाने दाखवावं: ही भिंत, इतकी इंच, अमुक तारखेला, या इंजिनिअरने पाहून सही केली. आणि ती झेरॉक्स डिपॉझिटच्या पावतीपुस्तकाशेजारी, त्याच काळजीने, कुलपात ठेवावी. पावतीपुस्तक, माझ्या पाहण्यात तरी, कधी हरवलेलं नाही.