शरणागत ससा आणि पीतकंठी चिमणी



आपल्या हातून मुंगीलाही वैधव्य येऊ नये, इतका सूक्ष्म अहिंसाविचार सर्वज्ञांनी साधकाला निरूपिला आहे. भिक्षूच्या आचारात तो पदोपदी पाळला जातो. परंतु उपदेशी गृहस्थ गिरगाव, दादर, परळ, लालबाग अशा दाट वस्तीत नांदतो. त्याच्या घरी मुले असतात आणि मुलांच्या हाती कधी छर्‍याची बंदूक येते. ही बंदूक खेळणे समजावे की शस्त्र? तिने नेम धरणे हा दोष आहे काय? प्रश्न लहान दिसतो, पण त्यात एका जीवाचा प्राण आणि एका बालकाचे अंतःकरण, दोन्ही गुंतलेले आहेत.

म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रातील शशकरक्षणाची लीळा येथे आधारभूत आहे. पारध्यांनी कुत्री सोडली. जीव घेऊन धावणारा ससा श्रीचक्रधर स्वामींच्या मांडीखाली येऊन दडला. पारधी मागोमाग आले आणि ससा मागू लागले. हा पैजेचा ससा आहे, न मिळाल्यास आपसांत शस्त्रे निघतील, अशी त्यांची विनवणी होती. शरण आलेल्याला मरण नाही, असे स्वामींनी सांगितले. रानात राहून, गवत खाऊन, झर्‍याचे पाणी पिऊन असणार्‍या या प्राण्यांनी तुमचे काय केले, असे त्यांना विचारले. पारधी निघून गेल्यावर स्वामींनी मांडी उचलली आणि सशाला ‘महात्मा’ असे संबोधून निरोप दिला.

या लीळेत ‘पैज’ हे पद विशेष चिंतनीय आहे. सशावाचून पारध्यांची मुले उपाशी राहणार होती, असे तेथे नाही. कोणाचे कुत्रे वेगवान आणि कोणाचा हात सरस, एवढे ठरविण्यासाठी एक प्राण पणाला लागला होता. करमणुकीच्या शिकारीचे मूळ स्वरूप हेच होय. कौशल्य एकाचे, कौतुक त्याचे, आणि मोल मात्र तिसर्‍याने प्राण देऊन भरावयाचे.

मुंबईतच घडलेला एक प्रसंग या संदर्भात बोधप्रद आहे. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा जन्म १८९६ चा. मातापित्यांचे छत्र लहानपणीच हरपल्याने मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या खेतवाडीतील घरी ते वाढले. मामा शिकारीचे शौकीन, म्हणून भाच्याच्या हातीही छर्‍याची बंदूक आली. तिने मारलेल्या एका चिमणीच्या कंठावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, असा प्रश्न पडला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे पाठविले; हे साल १९०८. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, संग्रहातील पेंढा भरलेले पक्षी दाखविले, वाचावयास ग्रंथ दिले. शिकारी होऊ पाहणारा तो मुलगा पुढे पाखरांचा जाणकार आणि त्यांच्या रानांचा कैवारी झाला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी त्या पडलेल्या चिमणीचेच नाव दिले.

येथे शंका अशी : त्या एका छर्‍यातून एवढी विद्या निपजली, तर तो छर्‍याचा वार चांगलाच म्हणावा काय? समाधान असे : विद्या छर्‍यातून निपजली नाही, ती जिज्ञासेतून निपजली. ‘ही कोण?’ हा प्रश्न चिमणी फांदीवर असतानाही विचारता आला असता. तो एक क्षण उशिरा विचारला गेला, आणि तेवढ्यात एक जीव गेला. अभ्यासासाठी पक्षी टिपणे सलीम अलींनी पुढेही केले. ती त्या काळच्या शास्त्राची रीत होती, साधकाला ती प्रमाण नव्हे. साधकाने घ्यावयाचे ते एवढेच, की प्रश्न आधी यावा, म्हणजे चाप ओढलाच जात नाही.

दुसरी शंका : मग नेमबाजीचा खेळही वर्ज्य का? समाधान : खेळातील लक्ष्य निर्जीव आहे. दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत सर्वाधिक गुणांचा मध्यबिंदू केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो साधावयास श्वास आवरावा लागतो, देह स्थिर करावा लागतो, मन एकवटावे लागते. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात एन.सी.सी.तून रायफल हाती घेतलेल्या अंजली भागवत यांनी २००० साली सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली; त्यासाठी एकाही पाखराचा बळी लागला नाही. यावरून ‘हात बसावा म्हणून पाखरू मारले’ ही सबब समूळ खोटी ठरते. कागदाइतकी कठोर परीक्षा चिमणी घेत नाही. भिक्षूला शस्त्रस्पर्शच नको. गृहस्थाच्या मुलाने मात्र रेंजवर, शिक्षकांच्या देखरेखीखाली निर्जीव लक्ष्यावर नेम धरला, तर तेथे हिंसा घडत नाही.

तिसरी शंका : ठराविक शक्तीपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही, मग कबुतर-कावळ्यावर नेम धरला तर काय बिघडले? समाधान : परवाना न लागणे म्हणजे मारण्याची मुभा नव्हे. वन्यजीवांच्या शिकारीवर १९७२ च्या कायद्याने बंधने घातली आहेत. त्या कायद्यात कावळा, उंदीर यांची उपद्रवी म्हणून निराळी अनुसूची होती. २०२२ च्या दुरुस्तीने तीही गेली. कायद्याच्या याद्या अशा बदलत राहतात. धर्माला यादी नाही. शिवाय छर्‍याचा घाव पुष्कळदा तत्काळ मारीत नाही. पाखरू उडून जाते, मुलाला वाटते नेम चुकला. आणि ते चाळीच्या कौलांआड तडफडत मरते. न दिसलेली हिंसा ही न घडलेली हिंसा नव्हे.

अरुणाचल प्रदेशात २०२१ साली एअरगन शासनाकडे स्वेच्छेने जमा करण्याचे अभियान सुरू झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणार्‍या लोकांनी दोन हजारांहून अधिक बंदुका आणून दिल्या. ज्यांची ती परंपरा, त्यांना जे साधले, ते सर्वज्ञांच्या अनुयायांना अवघड नसावे.

तात्पर्य, आईबापांनी मुलाच्या हातून बंदूक हिसकावण्याआधी त्याला सशाची लीळा सांगावी. बंदूक हिसकावली तर ती दुसर्‍या घरी मिळते. दया अंतःकरणात उतरली तर हात आपणच खाली येतो. स्वामींनी पारध्यांनाही शाप दिला नाही, प्रश्न विचारला. तोच प्रश्न घरोघरी विचारला जावा : या पाखराने तुमचे काय केले?