वीस माणसांची माती

कोल्हापुरात माणूस कसा जगला याचा हिशेब त्याच्या मातीला किती माणूस आला यावरून मांडला जातो. ‘चिक्कार माणूस होता बघा’ हे वाक्य घरच्यांना दुःखातही थोडे सुखावून जाते. तिसऱ्या दिवशी तोच हिशेब पुन्हा होतो. ‘रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता, पंचगंगा स्मशानभूमी’ असा निरोप मोबाइलवर फिरतो. नदीकाठी गाड्यांची रांग लागते, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणे होतात. कोण आला यापेक्षा कोण आला नाही याचीच नोंद भावकी जास्त काळ ठेवते.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत ही मोजदाद एकाएकी थांबली. केंद्राच्या टाळेबंदीच्या आदेशाने अंत्यविधीला वीसपेक्षा अधिक माणसे जमायला मनाई केली. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, राज्य सरकारनेही तीच मर्यादा घातली. ज्या गावात एका तालमीतलीच दोनशे पोरे मातीला जातात, तिथे वीस माणसे म्हणजे अपमान वाटला. तो अपमान नव्हता. त्या काळात आपण दोन गोष्टी सोडल्या, गर्दी आणि जबाबदारी. गर्दी सोडली ते बरोबर केले, जबाबदारी सोडली ते चुकले. साथ सरल्यावर मात गर्दी तेवढी परत आणली. हे उलटे कसे झाले, ते तपासण्याची वेळ अजून गेलेली नाही.

आधी धोका कशाचा होता ते पाहू. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ मार्च २०२० रोजीच, टाळेबंदीच्याही आधी, मृतदेहाची हाताळणी कशी करावी याच्या सूचना काढल्या होत्या. त्यांचा रोख स्वच्छ होता. हा आजार मुख्यतः श्वासातून आणि खोकल्यातून उडणाऱ्या तुषारांनी पसरतो. नेमकी काळजी घेतली तर मृतदेहापासून वेगळा वाढीव धोका संभवत नाही. मृतदेह गळणार नाही अशा पिशवीत ठेवावा, हाताळणाऱ्यांनी हातमोजे आणि मास्क वापरावेत, जागा एक टक्का हायपोक्लोराइटने पुसावी. अंघोळ घालू नये, मिठी मारू नये, चुंबन घेऊ नये. पण कर्मचाऱ्याने पिशवीची चेन उघडून नातेवाइकांना चेहरा दाखवायला परवानगी होती. स्पर्श न करता मंत्र म्हणायला, पोथी वाचायला, पवित्र पाणी शिंपडायला परवानगी होती. रक्षेपासून कसलाही धोका नाही, ती गोळा करता येईल, हेही त्यात लिहिले होते. आणि गर्दी टाळा, कारण जमलेल्या जवळच्या माणसांतच कुणी बाधित असू शकतो, असेही बजावले होते.

म्हणजे भीती जिवंत माणसांच्या गर्दीची बाळगायची होती. सरणावरचा देह श्वास घेत नाही. सरणाभोवती गळ्यात गळा घालून रडणारी, एका गाडीत दाटीवाटीने बसून आलेली, घरी परतल्यावर एका खोलीत बसून चहा पिणारी माणसे श्वास घेतात. आपण मात्र भीतीची जागा बदलली. नियमांच्या फटीतून गर्दी करायला अनेक जण तयार होते आणि मृताच्या जवळ जायला सख्खे नातेवाईकही तयार नव्हते. राज्यात ठिकठिकाणी रक्षा न्यायला कुणी फिरकले नाही. जी रक्षा आगीतून निघाली आहे, जिच्यात विषाणू तगूच शकत नाही, तिला आपण भ्यालो. हे अज्ञान अशिक्षितांपुरते नव्हते. चेन्नईत एप्रिल २०२० मध्ये कोरोनाने गेलेल्या एका डॉक्टरच्या दफनाला जमावाने दगडफेक करून विरोध केला. मुंबई महापालिकेने ३० मार्च २०२० रोजी सर्व धर्मांच्या कोरोनामृतांचे दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि टीका होताच त्याच दिवशी ते बदलले. पुढे वांद्र्याच्या कब्रस्तानातील दफनांविरुद्ध याचिका झाली, तेव्हा २२ मे २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली. दफनाने साथ पसरते याला शास्त्रीय आधार नाही आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

इथे कुणी म्हणेल, साथीत जीव वाचवायचा की मयताचा मान बघायचा? हा प्रश्नच चुकीचा मांडला आहे. मयताचा मान राखणे हा साथ रोखण्याचाच एक उपाय असतो, आणि याची साक्ष आपल्याच इतिहासात आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले तेव्हा मृत्यूची नोंद झाल्याशिवाय अंत्यविधी करायला बंदी होती, सोल्जर घरात शिरून झडती घेत होते. नोंद हवीच होती, पण ती ज्या मग्रुरीने लादली गेली तिचा परिणाम असा झाला की लोक आजारी माणूस लपवू लागले, मयत लपवू लागले. लपवलेल्या प्रत्येक रुग्णाबरोबर प्लेग पुढच्या घरात गेला. कोल्हापूरच्या करवीर संस्थानातही प्लेग आला. शाहू महाराजांच्या दरबाराने लोकांना शहराबाहेर हलवले, पण त्यांच्यासाठी झोपड्या उभारून, सोय लावून. पुण्यातल्या त्याच प्लेगात, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले गेल्या. रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली होती. आजाऱ्याजवळ जायचे धैर्य आणि आजार समजून घेण्याची बुद्धी यांत त्यांनी फारकत केली नव्हती.

शंभराहून अधिक वर्षांनी जगाने हाच धडा पुन्हा गिरवला. पश्चिम आफ्रिकेत इबोलाच्या साथीत मृतदेहापासून खरोखरच मोठा धोका होता. सुरुवातीला संरक्षक पोशाखातली पथके येत आणि देह घेऊन जात. घरच्यांनी देह लपवायला सुरुवात केली. शेवटी नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पद्धत बदलली. सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफन, असा नवा नियम झाला. घरच्यांना विचारायचे, प्रार्थनेला वेळ द्यायचा, धर्मगुरूंना सोबत घ्यायचे. आपल्याकडेही ‘दवाखान्यात गेला तर तोंडसुद्धा बघायला मिळणार नाही’ या धास्तीने किती जणांनी ताप अंगावर काढला, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत आठवून पाहावे. एका चेहऱ्याचे दर्शन नाकारल्याने दुसऱ्याचा उपचार लांबतो, इतका हा संबंध थेट आहे.

मग मृताला मानाने निरोप देण्याची ही जबाबदारी कोरोनाच्या त्या दोन वर्षांत कोणी उचलली? ज्यांना आपण एरवी नावानेही ओळखत नाही, अशा मोजक्या लोकांनी. कोल्हापूर महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते. लाकूड आणि शेणी महापालिका पुरवते. होळी लहान करून शेणी पंचगंगेच्या स्मशानभूमीला देण्याची चांगली रीत या शहराने घातली आहे. पंचगंगा, कसबा बावडा, कदमवाडी, बापट कॅम्प या स्मशानभूमी म्हणजे शहराचा शेवटचा दवाखानाच. तिथल्या कर्मचाऱ्यांनी उन्हाळ्यात, अंगात प्लॅस्टिकचा पोशाख घालून, चितेच्या धगीत एकामागून एक सरणे रचली. बैतुलमाल कमिटीच्या मुस्लिम कार्यकर्त्यांनी जात-धर्म न विचारता मृतांना निरोप दिला. ज्या हिंदू मृताजवळ घरचे येऊ शकत नव्हते, त्याला अग्नी देण्याचे काम त्यांनी केले. धर्माच्या नावाने एरवी गळे काढणाऱ्यांना तेव्हा कुणाचा हात चालतो, असा प्रश्न पडला नाही. पुढे तरी तो का पडावा?

मे २०२१ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने मृतांच्या सन्मानाविषयी एक सूचनापत्र काढले. देह एकावर एक रचून नेऊ नयेत, सामूहिक दहन-दफन करू नये, तात्पुरत्या स्मशानभूमी उभाराव्यात, तिथल्या कामगारांना रास्त मोबदला, सुरक्षेची साधने आणि प्राधान्याने लस द्यावी, असे त्यात सांगितले. त्याच्या आदल्याच महिन्यात सुरतेच्या गॅसदाहिन्यांचे लोखंड अखंड आगीने वितळल्याच्या बातम्या आल्या होत्या. यंत्राला विश्रांती लागते हे तिथे दिसले. माणसाला लागते हे मात्र कागदावरच राहिले. त्या काळात आपण डॉक्टरांसाठी थाळ्या वाजवल्या, परिचारिकांवर फुले उधळली. सरण रचणाऱ्यासाठी कुणी थाळी वाजवल्याचे आठवते का? त्याचा हात लागल्यावर आपण अंघोळ करतो. तो मात्र घरी पोरांजवळ जाण्यापूर्वी अंघोळ करू शकेल, अशी जागा त्याच्या कामाच्या ठिकाणी आहे का, हे आपण विचारत नाही.

आता गर्दीची बाजूही मोकळ्या मनाने ऐकू. माणूस गेल्यावर माणसे जमतात ती केवळ मिरवायला नव्हे. चार खांदे लागतात. घरात चूल पेटत नाही, तेव्हा शेजारून भाकरी-आमटी येते. बाईला धरून बसायला बाई लागते. हे सारे खरे आहे आणि हे टिकलेच पाहिजे. पण खांद्याला चार माणसे लागतात, चारशे नव्हे. भाकरी आणणारी शेजारीण रक्षाविसर्जनाच्या भाषणांत नसते. ज्या गर्दीचा आपण अभिमान धरतो, तिच्यातला मोठा भाग हजेरी लावायला आलेला असतो. हजेरी लावून तो जातो, आणि पंधरा दिवसांनी विधवेला वारसनोंदीसाठी तलाठी कार्यालयात नेणारा एकही जण त्यातून पुढे येत नाही. साथीने आपल्याला आधार आणि हजेरी यांतला फरक दाखवला होता. दाखवलेले आपण पाहिले नाही.

पाहणारेही होते, आणि तेही आपल्याच जिल्ह्यातले. कोरोनाने कितीतरी तरुण घरधनी नेले. मागे राहिलेल्या बायकांच्या बांगड्या अंत्यविधीच्या वेळीच फोडल्या जात होत्या, कुंकू पुसले जात होते. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दोन दिवस आधी, विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने सर्व ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करायला सांगितले. साथीच्या दुःखातून एका गावाने नियम काढला. ठरावाने मन लगेच बदलत नाही, हे मान्य. पण ठरावामुळे बांगड्या फोडायला पुढे होणारा हात निदान एकदा अडखळतो आणि अडवणाऱ्याला बळ मिळते. सुधारणा अशीच सुरू होते. जोतीराव फुल्यांच्या अंत्ययात्रेत १८९० मध्ये सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले, तेव्हाही भोवतालचे समाजमन बदललेले नव्हते.

म्हणून कोल्हापूरकरांपुढे ठेवायच्या गोष्टी साध्या आहेत. पहिली, शहराची आणि प्रत्येक ग्रामपंचायतीची साथीच्या काळातील अंत्यविधीची योजना लेखी तयार असावी, आणि ती साथ येण्याआधी. दोन कुटुंबांची गाठ पडू नये म्हणून ठरवून दिलेल्या वेळा, आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वेगळी वाट, उघड्यावर सावलीत अंतर ठेवून बसायची सोय, हात धुवायला पाणी आणि साबण, चेहरा पाहण्यासाठी ठरलेली जागा, परगावच्यांसाठी थेट चित्रण, लाकूड-शेणीचा राखीव साठा आणि नदीला पूर आला तर पर्यायी जागा. आपल्या शहरात साथ आणि पंचगंगेला पूर एकाच वर्षी येऊ शकतात, हे जुलै २०२१ ने दाखवलेच आहे.

दुसरी, स्मशानभूमीतल्या कामगाराला कायम नोकरी, विमा, लस, साधने आणि अंघोळीची जागा. तिसरी, तालमींनी पुढे यावे. मिरवणुकीत जे मनगट दिसते ते इथे लागेल. प्रत्येक तालमीने दहा जणांना मृतदेह सुरक्षित कसा हाताळावा याचे शिक्षण घ्यायला लावावे, म्हणजे पुढच्या साथीत एकाच कमिटीच्या खांद्यावर शहराचा भार पडणार नाही. चौथी, वीसची मर्यादा कायद्याने नव्हे, तर खुशीने पाळावी. मातीला जवळचे जावेत. बाकीच्यांनी पुढच्या महिनाभरात एकेक करून घरी जावे, काय अडले आहे ते विचारावे. त्या विसांत लेकीसुना असाव्यात. अग्नी द्यायला मुलगाच हवा, हा हट्ट साथीत कितीतरी मुलींनी मोडला, तो पुन्हा सांधू नये. आणि रक्षा नदीत न सोडता शेतात, झाडाच्या बुडाशी घालावी. आधीच काळवंडलेल्या पंचगंगेत भर घालून कुणालाही मोक्ष मिळणार नाही.

यातल्या बहुतेक गोष्टी खर्चिक नाहीत. दिवसकार्याच्या एका मोठ्या जेवणावळीच्या पैशात स्मशानभूमीतल्या एका कामगाराला वर्षभराची सुरक्षेची साधने मिळू शकतात. पण त्यासाठी मागणी व्हावी लागते. महापालिकेचा अर्थसंकल्प येतो तेव्हा आपण रस्ते मागतो, उद्याने मागतो, स्मशानभूमी मागत नाही, कारण तो विषय अशुभ मानतो. पुढची साथ शुभ-अशुभ पाहून येणार नाही. तेव्हा नगरसेवक मतासाठी दारात आला की त्याला एक प्रश्न जरूर विचारा, ‘साथीतल्या अंत्यविधीची योजना कुठे आहे, दाखवा.’ त्याच्याकडे उत्तर नसेल, तर त्याचे अपयश आपल्याही नावावर लिहावे लागेल. कारण दोन वर्षे भोगूनही आपण ती मागितली नव्हती.